गुडघ्यांना झेपेल अशी बाग : साताऱ्यातील एका घराचे प्रकरण

सातारा शहरात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोलीच्या बाजूला, चार गुंठ्यांच्या एका जुन्या प्लॉटावरील बैठ्या घराच्या बागेचे हे प्रकरण आहे. घराचे मालक जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, वय ६९. त्यांच्या पत्नी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६५. पुढे त्यांचा उल्लेख काका आणि काकू असाच केला आहे, कारण कामाच्या काळात आमचे बोलणेही त्याच नात्याने चालत असे. मुलगा पुण्याला, मुलगी कराडला; दोघेही सणावाराला आणि एखाद्या शनिवार-रविवारी येऊन जातात. बाग नव्याने मांडून द्यावी असा निरोप मुलाकडून आला. श्रावणातल्या एका सकाळी पूजेची फुले काढायला गेलेल्या काकूंचा पाय घराच्या उत्तरेकडील शहाबादी फरशीवरच्या शेवाळावरून घसरला, त्यांनी हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले, हे त्याचे निमित्त.

मुलाने उपायही सुचवला होता. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवावेत, पुढच्या हिरवळीच्या जागी कृत्रिम गवत अंथरावे आणि शोभेला चार कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे आईवडिलांना बागेत काही करावेच लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. या सूचनेमागची काळजी खरी होती, पण उपाय त्या जागेला लागू पडणारा नव्हता. पेव्हरच्या सांध्यांत दोन पावसाळ्यांत हराळी उगवते आणि ती उपटायला खाली बसावेच लागते. सावलीच्या बाजूला पेव्हरवरही शेवाळ धरतेच. कृत्रिम गवत चैत्र-वैशाखाच्या उन्हात अनवाणी पाय ठेववणार नाही इतके तापते. काकांना जुना मधुमेह आहे आणि तळपायाची संवेदना कमी झाली आहे. म्हणजे ज्याला चटका बसतो आहे हे वेळेवर कळणार नाही, नेमक्या त्याच माणसाच्या पायाखाली आपण ते गवत अंथरणार होतो.

काकूंची मागणी एका वाक्यात होती: रोजच्या पूजेला विकतची फुले आणायची वेळ येऊ नये. काकांना संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला मोकळी जागा हवी होती आणि गुलाब सोडायचे नव्हते. या दोन मागण्या आणि मुलाची काळजी यांचा मेळ घालायचा होता, आणि तोही आजच्या नव्हे तर आणखी दहा-पंधरा वर्षांनंतरच्या काका-काकूंसाठी.

जागा

प्लॉट ४३५६ चौरस फुटांचा, घर सुमारे १२०० चौरस फुटांचे. गाडीची जागा, बोअर आणि कपडे वाळत घालायची जागा वगळली तर बागेला अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास जमीन उरते. जमिनीला किल्ल्याकडून रस्त्याकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे उतार आहे. खाली मुरूम आणि त्यावर घर बांधताना आणून टाकलेली जेमतेम फूटभर काळी माती. ही माती पावसात चपलेला चिकटते आणि मे महिन्यात भेगाळते.

साताऱ्याचा पाऊस समजून घेतल्याशिवाय इथल्या बागेचा आराखडा मांडता येत नाही. पश्चिमेला महाबळेश्वरात ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेला माण-खटावात ५०० मिलिमीटरही पडेलच असे नाही, आणि मधल्या सातारा शहराच्या वाट्याला साधारण १००० मिलिमीटर येतो. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. म्हणून एकाच बागेला चार महिने घसरण आणि चिखल सांभाळायचा असतो आणि उरलेले आठ महिने पाणी द्यायचे असते. म्हातारपणी हे दोन्ही हंगाम वेगवेगळ्या रीतीने अंगावर येतात: पावसाळ्यात पडण्याची भीती, उन्हाळ्यात बादल्या उचलण्याचे कष्ट.

त्या वेळी बागेत पुढे ६०० चौरस फुटांची हिरवळ होती, मागे भाजीचे सपाट वाफे, एक हापूस आंबा, दोन नारळ, एक कागदी लिंबू, कुंपणाला लागून डोक्याच्या वर गेलेली मेंदीची बाड, तिच्यात एक पिवळी कण्हेर, अकरा गुलाब, आणि गच्चीवर चाळीसेक कुंड्या. माळी आठवड्यातून एकदा येई, आणि त्यालाही आता कामे जास्त झाली होती.

कामांची नोंद

कमी निगेची बाग म्हटले की रोपवाटिकेत कमी निगेच्या झाडांची यादी हातात ठेवली जाते. माझ्या मते सुरुवात झाडांपासून करणे म्हणजे उलटीकडून करणे होय. बाग माणसाकडून कोणत्या हालचाली मागते हे आधी पाहिले पाहिजे, कारण उतारवयात झाडांच्या आधी शरीर नाही म्हणू लागते आणि तेही सगळ्या कामांना एकदम म्हणत नाही. गुडघे गेलेल्या माणसाचे हात उत्तम चालतात. खांदा धरलेल्या माणसाला वाकता येते, पण वर हात नेता येत नाही.

म्हणून काकूंना एक महिना नोंद ठेवायला सांगितले. त्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी ठेवली. वाकणे, चढणे, उचलणे, ओढणे या चार क्रियांची वा, च, उ, ओ अशी चार अक्षरे त्यांनीच ठरवली, आणि बागेत जे काम होईल त्याची अक्षरे त्या तारखेच्या चौकटीत लिहिली. शाळेत चाळीस-पन्नास मुलांची हजेरी घेतलेला हात असल्यामुळे नोंदी चोख होत्या. जे काम आवडीने केले त्या अक्षराभोवती गोल करायचा, एवढी एक भर मी घातली.

महिनाअखेरीस ते पान पाहिल्यावर अंदाज बराच बदलला. ज्यांची सगळ्यांना धास्ती होती ते आंबा आणि नारळ पानावर जवळजवळ नव्हतेच; त्यांच्यापायी होते ते पाला झाडण्याचे वाकणे, आणि ते खराट्याला कमरेएवढा बांबूचा दांडा बांधला की निम्म्याहून कमी होते. सर्वांत जास्त अक्षरे गच्चीच्या नावावर होती. तिथे नळ नव्हता. काका बादली घेऊन जिना चढत, म्हणजे एकाच कामात च आणि उ, रोज, आणि त्याला गोल एकदाही नव्हता. हिरवळीची अक्षरे तिच्या खालोखाल. गुलाबांनाही अक्षरे भरपूर होती, पण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाभोवती काकांनी गोल केला होता.

आराखड्याचा पाया हेच पान ठरले. ज्या अक्षराला गोल नाही ते काम बागेतून काढायचे. ज्याला गोल आहे ते ठेवायचे, पण अंगाला सोसेल अशा उंचीवर आणून ठेवायचे. म्हाताऱ्या माणसाच्या हातातले सगळेच काम काढून घेणे ही काळजी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी अर्धा तास उन्हात उभे राहून गुलाबाची सुकलेली फुले कातरण्यात काकांचे चालणे, वाकणे, नजर आणि पकड या सगळ्यांचा व्यायाम होत होता.

वाट

सर्वाधिक वेळ आणि पैसा वाटेवर खर्च झाला, आणि तो तसाच व्हायला हवा होता. आधी शेवाळ का धरते ते शोधले. घराच्या उत्तरेला दिवसभर सावली, आणि गच्चीवरच्या पावसाचे पाणी उतरवणारा नळ थेट त्याच फरशीवर मोकळा सोडलेला. ब्लीचिंग पावडर टाकून घासले की आठ दिवस बरे दिसे, मग पुन्हा तेच. तो नळ बंद पाइपने बोअरशेजारच्या शोषखड्ड्याकडे नेला. १२०० चौरस फुटांच्या म्हणजे साधारण ११० चौरस मीटरच्या गच्चीवर १००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी वर्षाला ८८,००० लिटर पाणी होते. ते आजवर वाट भिजवण्याच्या कामी येत होते.

गुळगुळीत झालेली शहाबादी उखडून त्याच फरश्यांना पाथरवटाकडून छिन्नीने टाकी लावून घेतली, पाट्याला लावतात तशी, आणि त्या खरबरीत अंगाने पुन्हा बसवल्या. नवीन फरशी आणावी लागली नाही. वाट स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून निघून घराला वळसा घालून पुढच्या फाटकापर्यंत जाते, रुंदी सलग चार फूट, मध्ये कुठेही पायरी नाही. चार फुटांचा आग्रह चाकाच्या खुर्चीपुरता नव्हता. वॉकर घेऊन चालणारा माणूस आणि त्याला धरून चालणारा दुसरा, हे दोघे शेजारी-शेजारी मावायला तेवढे लागतात. मागच्या दाराला सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या होत्या. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी, या प्रमाणाने तिथे उतरण केली, दारासमोर चार फुटांची सपाट जागा सोडली आणि एका बाजूला तीन फूट उंचीवर गोल पाइपचा कठडा बसवला. दुसऱ्या बाजूच्या कठड्यासाठी खाली जमिनीत पाइपचे तुकडे आत्ताच गाडून ठेवले आहेत. लागेल तेव्हा वरचा भाग बसवायचा, फोडाफोड करायची नाही.

काकांना मोतीबिंदूची सुरुवात आहे. करड्या फरशीशेजारी करडा मुरूम असला की वाट कुठे संपते ते तिन्हीसांजेला दिसत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना पांढरट दगडाची चार इंचांची पट्टी घेतली. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, माणूस आला की लागणारे आहेत. खांबावरचा दिवा डोळ्यांवर येतो आणि पायाखाली सावलीच पाडतो.

वाटेची आखणी बदलण्याचे आणखी एक कारण होते. जुनी वाट दोन्ही नारळांच्या खालून जात होती. नारळ तोडावेत असे मुलाचे म्हणणे, पण शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि इथे मुळात त्याची गरजही नव्हती. वाट आठ फूट अलीकडे वळवली आणि नारळाखालची जागा कुणीच जाणार नाही अशी दाट कर्दळीने भरून टाकली. झावळी पडली तर कर्दळीवर पडते.

ओटे

भाजीचे सपाट वाफे मोडून त्या जागी तीन ओटे बांधले. दोन ओटे दोन फूट उंचीचे, वरची कड एक फूट रुंद, म्हणजे तिच्यावर बसून काम करता येते. एका बाजूला भिंत असलेल्या ओट्याची माती दोन फुटांपेक्षा रुंद ठेवली नाही, कारण बसल्या जागेवरून हात त्याच्या पलीकडे पोहोचत नाही. दोन्ही बाजूंनी वाट असलेला ओटा चार फूट रुंद चालला. स्वयंपाकघरातल्या ओट्याला असते तशी पावलांसाठी खाली आत घेतलेली जागा ठेवली. गवंड्याला हे पटवायला वेळ लागला. त्याच्या मते ती विटांची नुसती नासाडी होती. ती खाच नसली तर माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि कमरेतून वाकतो, हे त्याला उभे करून दाखवल्यावर प्रश्न मिटला. तिसरा ओटा टेबलासारखा आहे: लोखंडी चौकटीवर आठ इंच खोल पसरट ट्रे, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. मेथी, कोथिंबीर आणि पालकाला तेवढी माती पुरते.

उंच ओट्याचा तोटाही सांगायला हवा. त्याची माती चहूबाजूंनी तापते आणि जमिनीपेक्षा लवकर सुकते, त्यामुळे पाण्याची बिनचूक सोय नसेल तर ओटे बांधू नयेत. शिवाय भरलेली माती पहिल्या पावसात खचते. इथे ती चार बोटे खाली गेली आणि दिवाळीनंतर वरून भर घालावी लागली.

माती विकत आणताना जी एक गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत ती म्हणजे लव्हाळा. शेतातल्या मातीबरोबर त्याचे गड्डे येतात, आणि एकदा ओट्यात शिरला की वरून उपटून तो जात नाही. खालचे गड्डे पुन्हा फुटतात. म्हणून माती दोन-तीन आठवडे आधी आणवून घेतली, कोपऱ्यात पसरट ढीग करून पाणी मारत ठेवली, आणि जे उगवेल ते गड्ड्यासकट काढूनच ओट्यात भरली. गाजरगवतही त्याच ढिगात उगवले. ते फुलायच्या आत आणि हातमोजे घालून काढले, कारण त्याने अंगाला खाज सुटते.

झाडे

पूजेच्या फुलांचा भार तगरीवर टाकला. तिला काटा नाही, कीड फारशी नाही, छाटणी कशीही सोसते आणि वर्षातला बहुतेक काळ फूल देते. छातीच्या उंचीवर राखलेल्या चार तगरी वाटेच्या कडेने लावल्या. जास्वंदी पाच होत्या, त्यांतल्या दोन गावठी लाल तेवढ्या ठेवल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो आणि त्याचा बंदोबस्त करत राहावे लागते, तेव्हा जितकी निगा होईल तितकीच झुडपे असावीत. कठड्याच्या एका टोकाला गोकर्णाचा वेल चढवला.

पारिजातकाचा विषय काकूंनी काढला. माहेरी होता, इथे कधी लावला नाही, कारण फुले जमिनीवर पडतात आणि एकेक वेचायला वाकावे लागते. यावर तोड निघाली ती अशी: पारिजातक दोन फुटी ओट्याच्या अगदी मागे लावायचा आणि त्याचा विस्तार छाटत छाटत ओट्याच्या बाजूलाच झुकवायचा. तो वाढेपर्यंत तीन वर्षे जातील, पण श्रावणापासून थंडी पडेपर्यंत पहाटे जी फुले गळतील ती ओट्याच्या रुंद कडेवर पडतील. त्या हंगामात संध्याकाळी कडेवर जुने सुती पातळ अंथरून ठेवायचे, सकाळी चार कोपरे उचलले की काम झाले.

अकरांपैकी चार गुलाब ओट्यात हलवले, बाकीचे मुलीने कराडला नेले. काकांसाठी कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे आणले. मधुमेहात काट्याची जखम रेंगाळते. लिंबाचे झाड त्याच कारणाने वाटेपासून वेगळे ठेवले: त्याच्याभोवती सहा फुटांत बसायची जागा नाही, गळालेल्या काट्यांवरून जाणारी वाट नाही, आणि लिंबे काढायला लांब दांड्याची झेली आहे. पिवळी कण्हेर मुळासकट काढली. तिच्या बिया विषारी असतात, नातवंडे त्यांनी खेळतात, आणि कितीही नजर ठेवली तरी ती दर वेळी पुरत नाही. मेंदीची बाड कमरेएवढी उतरवली. शिडीशिवाय कातरता येईल एवढीच बाडीची उंची असावी.

आंब्याचे खालचे आणि मधले काही फाटे फळे उतरल्यावर छाटून झाड मोकळे केले. शेवगा लावावा असा आग्रह शेजाऱ्यांनी धरला होता, पण तो घेतला नाही. त्याचे लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, पावसाळ्यात केसाळ अळ्या पडतात, आणि दरवर्षी तीन-चार फुटांवर छाटला नाही तर शेंगा गच्चीच्या वर जातात. तरुण माणसाच्या परसात शेवगा असावा, इथे नको.

भांड्यांच्या मोरीचे पाणी जाते तिथे वडीचे अळू आणि कर्दळ ठेवली. तिथे वेगळे पाणी द्यावे लागत नाही आणि मोरीचे पाणी साचून डासही होत नाहीत. कढीपत्ता मागच्या दाराशी आहे. रोज शेंडे खुडले जातात, त्यामुळे तो आपोआप बुटका राहतो.

हिरवळीचे काय करायचे यावर मात्र दोन बैठका झाल्या. हिशेब साधा होता: ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर, आणि एप्रिल-मेमध्ये प्रत्येक चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तर २८० लिटर पाणी, ते फक्त गवतासाठी. काकांना तो आकडा लागला. आंब्याच्या सावलीत बारा बाय बारा फुटांची खरबरीत फरशीची बैठक केली, तिच्याभोवती दाबलेला मुरूम घातला आणि कडेने पावसाळी लिली, सदाफुली आणि गवती चहा लावला. जमीन झाकायला वेडेलिया लावा असा सल्ला एका रोपवाटिकेतून मिळाला होता, तो मानला नाही; ती पिवळ्या फुलांची वेल दिसायला छान असते, पण वाटेवर चढते, शेजारच्या झाडांना गिळते आणि तिच्या दाट पानांखाली काय बसले आहे ते कळत नाही.

याच कारणाने आच्छादनाबाबतही हात राखून ठेवला. पालापाचोळ्याचे आच्छादन ओल धरते, तण दाबते, माती सुधारते. एरवी मी ते सगळीकडे घालायला सांगतो. पण किल्ल्याच्या पायथ्याला घोणस दिसते आणि ती वाळल्या पाल्यात सहज मिसळून जाते. म्हणून आच्छादन झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच आणि ओट्यांवर, पण वाटेच्या दोन्ही कडांना एक फूट पट्टा मोकळ्या मुरमाचा. रातराणीमुळे साप येतो, तेव्हा ती नको, असे काकूंच्या मैत्रिणींनी बजावले होते. साप येतो तो उंदरांच्या आणि बेडकांच्या मागे आणि अडगळीच्या आडोशाला. रातराणी ठेवली आणि तिच्याशेजारी रचलेल्या जुन्या विटा हलवल्या.

पाणी

नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळेला येते, बोअरचे पाणी जड आहे. ठिबक बसवताना या दोन गोष्टी धरून चालावे लागते. गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवून तिच्यात पालिकेचेच पाणी घेतले, कारण बोअरच्या क्षारांनी तोट्या बुजतात. टाकी ते ओटा एवढ्या उंचीने मिळणारा दाब थोडाच असतो, त्यामुळे नळ्या आखूड ठेवल्या आणि कमी दाबावर चालणारे, उघडून साफ करता येणारे ड्रिपर घेतले. बॅटरीवरचा टायमरही बिनदाबाच्या पाण्यावर चालणाराच लागतो. घेताना तसे विचारून घ्यावे.

ठिबकचे दुखणे तोट्यांपेक्षा गाळणीत असते. गाळणी बहुतेक ठिकाणी जमिनीलगत बसवलेली असते, ती धुवायला उकिडवे बसावे लागते, म्हणून ती धुतली जात नाही आणि वर्षभरात ठिबक बंद पडते. इथे गाळणी, टायमर आणि सगळे कॉक एका फळीवर छातीच्या उंचीला, मागच्या दाराबाहेर आहेत. कॉक गोल फिरवायचे नाहीत, दांडी आडवी-उभी करायचे आहेत; काकूंच्या मोडलेल्या मनगटाला गोल चावी अजून फिरवता येत नाही.

गच्चीवरच्या कुंड्या सगळ्या खाली आल्या. त्यांतल्या मोजक्या ठेवल्या, बाकी वाटून टाकल्या, आणि कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाकल्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आवरते घेण्याचा क्रम

आराखड्याच्या मागच्या बाजूला एक यादी लिहून दिली आहे, आणि माझ्या मते या कामातला तो सर्वांत उपयोगाचा भाग आहे. बाग आवरती घ्यायची वेळ आली तर आधी काय सोडायचे, त्यानंतर काय, आणि शेवटपर्यंत काय ठेवायचे हे त्यात आहे. घरातले कुणी आजारी पडते, बाग सहा महिन्यांत रान होते, आणि मग सगळेच काढून टाकावेसे वाटते. सोडण्याचा क्रम आधी ठरलेला असला तर तसे होत नाही.

पहिल्यांदा ट्रेमधली पालेभाजी सुटेल, कारण ती दर पंधरा दिवसांनी पेरणी मागते. त्या ट्रेमध्ये कोरफड आणि पानांचा ओवा लावायचा. त्यानंतर गुलाब, त्या ओट्यात गवती चहा आणि सदाफुली. तिसऱ्या पायरीला ठिबकची फक्त एक नळी चालू ठेवायची, ती तगरी, पारिजातक आणि तुळशीची. लिंबू, कढीपत्ता, आंबा, नारळ आणि मोरीवरचे अळू यांना पहिली दोन-तीन वर्षे सांभाळले की पुढे फारसे कुणी लागत नाही. तुळशीवृंदावन झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर हलवले आहे, पाखरांच्या पाण्याचे पसरट भांडेही तिथेच. अंथरुणावरून दिसेल ते काय असावे, हा प्रश्न काकूंनी स्वतःच विचारला होता, म्हणून त्याचे उत्तरही आराखड्यात आले.

पहिल्या पावसाळ्यानंतर

गवंडीकाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आत संपले, लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर केली. पहिल्या पावसाळ्याने दोन उणिवा दाखवल्या. उतारावरून येणाऱ्या पाण्याने वाटेच्या वरच्या बाजूचा मुरुमाचा पट्टा धुऊन नेला. तिथे पट्ट्याच्या वर एक उथळ चर काढून तो शोषखड्ड्याला जोडला. दुसरे, बारा फुटांच्या उतरणीवर वरून पाणी ठिबकत होते. पत्र्याचे छोटे छप्पर घालावे लागले. उत्तरेकडच्या फरशीवर शेवाळ धरले, पण पायाला लागेल इतके नाही.

कालनिर्णयातली नोंद काकूंनी त्या आश्विनात पुन्हा महिनाभर ठेवली. च पानावर एकदाही नाही. उ दोनदा, तोही गॅस सिलिंडरसाठी, जे बागेच्या खात्यात धरायचे की नाही यावर दोघांचे एकमत झाले नाही. वा अजून आहे, बहुतेक गोल केलेला. माळी आता महिन्यातून एकदा येतो आणि शिडीची, पिशव्या उचलण्याची आणि छाटलेल्या फांद्या ओढून नेण्याची कामे तेवढी करतो. त्याच्या येण्याच्या तारखेला करायच्या कामांची यादी फळीवर, गाळणीच्या शेजारी अडकवली आहे. टायमर असूनही गुलाबांच्या ओट्याला काका पाइपने पाणी घालतात. तिथली नळी आम्ही बंद करून ठेवली.

नारळांचा प्रश्न उरला आहे. आज पाडेली वर्षातून तीन-चारदा येऊन नारळ आणि सुकल्या झावळ्या उतरवतो, पण चढणारी माणसे कमी होत आहेत. तो यायचा बंद झाला तर पूर्वेकडचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या छपरावर कलणारा नारळ काढण्यासाठी परवानगीचा अर्ज करायचा आणि दुसरा कर्दळीत तसाच राहू द्यायचा, असे ठरले आहे. मुलाने त्या अर्जाला लागणाऱ्या कागदांची चौकशी करून ठेवावी, एवढे काम त्याच्याकडे दिले आहे.